हळू वाजता न येणारं वाद्य

मंडळी, पायपर म्हणजे बॅगपाइप वाजवणारे. या लोकांमध्ये एक जुना विनोद आहे. पायपर चालत चालत का वाजवतो? तर स्वतःच्या आवाजापासून लांब पळायला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मनसोक्त हसलो होतो. पुढे एका प्रसंगी तोच विनोद आठवला आणि घसा दाटून आला. तो प्रसंग मागून सांगतो. आधी या वाद्याची अडचण सांगायला हवी.

बॅगपाइपचे प्रकार पुष्कळ. आज मी बोलतोय तो स्कॉटलंडमधला, हायलँडचा मोठा बॅगपाइप. काखेत पिशवी, तोंडात फुंकायची नळी, बोटांखाली चँटर, म्हणजे धून वाजवायची भोकांची नळी, आणि खांद्यावर टेकलेल्या तीन लांब नळ्या, म्हणजे ड्रोन, दोन टेनर आणि एक बेस. चँटरवर स्वर अवघे नऊ. ड्रोन आपला एकच सूर धरून बसतात. चँटरचा जो षड्ज, त्याच्या एक सप्तक खाली टेनर आणि दोन सप्तकं खाली बेस. तंबोऱ्यावर पोसलेल्या कानांना हे सांगावं लागत नाही. सूर धरलेला असला की वरचा प्रत्येक स्वर त्याच्याशी काहीतरी नातं सांगतो.

आता अडचण. याला हळू वाजता येत नाही. नळीत थरथरून आवाज काढणारी पट्टी, म्हणजे रीड, तिला ठरावीक दाब लागतो. दाब कमी केला तर आवाज लहान होत नाही, सूर ढळतो, नाहीतर वाद्य गळा काढून बंद पडतं. दुसरं म्हणजे, मध्ये थांबता येत नाही. पिशवीत हवा आहे तोवर चँटर बोलतच राहणार. मग एकच स्वर लागोपाठ दोनदा कसा वाजवायचा? दोहोंच्या मध्ये एखाद्या वरच्या स्वराला बोट निमिषभर लावून यायचं. आपण कणस्वर म्हणतो, तेच. फरक इतकाच की आपल्या गायकाला कणस्वर शोभेसाठी लागतो, पायपरला तो शब्द तोडण्यासाठी लागतो. तो काढून घेतला तर अख्खी धून एका लांब ओळीत लगदा होऊन पडेल.

हे मी पुस्तकी सांगत नाही. मी आठ महिने प्रॅक्टिस चँटरवर घालवले आहेत. प्रॅक्टिस चँटर म्हणजे पिशवी नाही, ड्रोन नाहीत, फक्त एक बारीक आवाजाची नळी. तिच्यावर बोटं बसल्याशिवाय शिक्षक खऱ्या वाद्याला हात लावू देत नाहीत. शेवटी एकदाची पिशवी काखेत आली. फुंकताना काख सैल सोडायची, श्वास घेताना कोपराने आवळायची, आणि ही अदलाबदल ऐकणाऱ्याला कळता कामा नये. मला ती कळत होती, घरच्यांना कळत होती, आणि दोन मजले वरच्या एका गृहस्थांनाही कळत होती. ते खाली येऊन फारच अदबीने म्हणाले, ‘‘प्राण्याला काही होतंय का?’’ त्यानंतर मी श्रोता झालो आणि सगळ्यांचं भलं झालं.

मग प्रश्न उरतो. लहानमोठं करता न येणारं, श्वास न घेणारं हे वाद्य ऐकताना अंगावर लाटा आल्यासारखं का वाटतं? पाइप बँड ऐकताना ते सरळ सरळ वाटतं. उत्तर शेजारी उभं असतं आणि बहुतेक लोक तिकडे पाहतच नाहीत. ते ड्रमवाले.

पाइप बँडमध्ये तीन प्रकारचे ड्रम असतात. स्नेअर, टेनर आणि मधोमध बेस. स्नेअरचं कातडं इतकं ताणलेलं असतं की काठी पडल्यावर टेबलावर पडल्यासारखा कोरडा, टणक आवाज येतो. टेनरवाले मऊ गोंडे लावलेल्या काठ्या हवेत गरगर फिरवतात, ते डोळ्यांना आवडतं, पण खरी गंमत कानाची आहे. धून एका जागी हलकी व्हायला हवी असते तेव्हा स्नेअर कुजबुजीवर येतात, टेनर जवळजवळ गप्प होतात. आपल्याला वाटतं पाइप हळू झाले. पाइप होते तसेच आहेत! मग स्नेअर चढत जातात, बेस खालून उचलतो, आणि आपण म्हणतो, काय सूर चढवला बघा. सूर कुणीच चढवलेला नसतो. श्वास पाइपरचा, पण चढउतार ड्रमरचा. माझ्या मते या संगीतातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी वाखाणलेला भाग हाच आहे.

हे ऐकायला ऑगस्टमध्ये ग्लासगोला जावं. ग्लासगो ग्रीन नावाच्या मोठ्या हिरवळीवर जागतिक पाइप बँड स्पर्धा भरते. पाऊस बहुधा हजर असतोच. स्पर्धेतलं पथक चालत येतं, थांबतं आणि आत तोंड करून गोल करतं. म्हणजे तासन् तास भिजत उभ्या राहिलेल्या रसिकाला दिसतात त्या पाठी. तक्रार कुणी करत नाही. परीक्षक गोलाभोवती फिरतात. दोन पाइपचे, एक ड्रमचा, आणि एक सगळं मिळून कसं वाजतंय ते ऐकणारा.

त्याआधी, मैदानाच्या कडेला, सूर जुळवण्याचा कार्यक्रम चाललेला असतो. पाइप मेजर, म्हणजे पथकाचा प्रमुख पायपर, एकेका पायपरच्या खांद्याशी जाऊन ड्रोन अर्धा केस वर-खाली सरकवतो. थंड हवेत वाद्य एक बोलतं, वाजून तापलं की दुसरंच. जाणते रसिक स्पर्धेपेक्षा इथेच जास्त वेळ घालवतात. मीही तिथेच रेंगाळलो, आणि माझ्या शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला कोपर मारून सांगितलं की बोलू नका.

आणि मग तो क्षण. पाइप मेजरचा हुकूम, ड्रमचे दोन छोटे रोल, त्या रोलमध्ये ड्रोन जागे होतात, आणि लगेच वीस-पंचवीस चँटरमधून एकाच निमिषाला पहिला ‘ई’ हा स्वर फुटतो. फुटला पाहिजे! एकाचा जरी अर्धा पळ आधी आला तरी गर्दीतून ‘च्’ असा आवाज येतो. रसिक याला ‘अटॅक’ म्हणतात. त्या दोन रोलच्या वेळात मी आजूबाजूला पाहिलं होतं. कुणाचीही छाती हलत नव्हती. वाद्याला श्वास धरून ठेवावा लागत नाही, तो ऐकणाऱ्यांनी धरलेला असतो.

1987 मध्ये कॅनडाच्या ओंटारिओतलं सेव्हन्टी-एट्थ फ्रेझर हायलँडर्स हे पथक इथे जिंकलं. ब्रिटनबाहेरचं हे पहिलं विजेतं पथक. म्हणजे हे वेड एका देशापुरतं केव्हाच राहिलेलं नाही.

युद्धकथा मी थोडक्यात उरकतो. 1915 मध्ये लूसच्या लढाईत विषारी वायूमुळे खंदकातले सैनिक गांगरले, तेव्हा डॅनियल लेडलॉ हा पायपर खंदकाच्या काठावर चढून वाजवत चालला, जखमी झाला तरी वाजवत राहिला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एकवीस वर्षांचा बिल मिलिन पाइप घेऊन उतरला. या कथा मला आवडतात, पण सांगणारे त्यात फार रमतात. अशा वेळी उघड्यावर वाजवणारा माणूस हे सोपं लक्ष्य असतं, आणि पहिल्या महायुद्धात असे कितीतरी पायपर परत आले नाहीत.

मला जास्त अडवून धरतात त्या अंत्ययात्रा. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात न्यू यॉर्कच्या अग्निशमन दलाची 343 माणसं गेली. या दलाचं स्वतःचं पाइप आणि ड्रमचं पथक आहे. वाजवणारे तेच, आग विझवणारे. एका दिवसात इतके अंत्यविधी येऊ लागले की पथकाला तुकड्या कराव्या लागल्या. आपल्याच सोबत्यांसाठी, आठवडेन् आठवडे. रडताना वाजवता येत नाही, फुंकर तुटते. म्हणजे त्यांनी रडणं कधी उरकलं असेल, याचा मी अजून विचार करतो.

आता तो राहिलेला प्रसंग. 19 सप्टेंबर 2022, वेस्टमिन्स्टर ॲबी, राणी एलिझाबेथ यांचा अंत्यविधी. राजघराण्याकडे 1843 पासून नेमलेला पायपर असतो. राणी सकाळी त्याचं वादन खिडकीखाली ऐकत. त्या वेळचे पायपर पॉल बर्न्स वरच्या सज्जात एकटे उभे होते. त्यांनी विलापगीत वाजवलं, ‘स्लीप, डिअरी, स्लीप’. आणि मग ते वाजवता वाजवता वळले आणि चालू लागले. आवाज लहान होत होत नाहीसा झाला.

मंडळी, या वाद्याला हळू वाजता येत नाही, हे मघाशी सांगितलं. सूर हळू करायचा असेल तर वाजवणाऱ्याला दूर जावं लागतं. दुसरा मार्गच नाही. टीव्हीसमोर मला तो विनोद आठवला, तो हा असा.

तर आता एक ध्वनिमुद्रण ऐकवतो. दोन रोल, मग ड्रोन, मग ‘ई’. पाठीमागे ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या मित्रांना विनंती, बटणाला हात लावू नका. मोठाच असतो तो.