मीठ, पापडखार आणि केळी

श्रोतेहो, नमस्कार.

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीला काही तोटा नाही, आणि केळे खाल्ले की अंगात रक्त वाढते, असे सांगणाऱ्यांनाही नाही. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम केळ्यात लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसते. केळ्यात खरोखर भरपूर असते ते पोटॅशियम, सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम. हे मूलद्रव्य मुख्यतः पेशींच्या आत असते, तर सोडियम पेशींच्या बाहेर. या दोहोंचा तोल सांभाळला गेला, तरच स्नायू आकुंचन पावतात आणि हृदयाचे ठोके नियमित पडतात.

सोडियमची आपल्याकडे टंचाई नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत, मीठ सुचवते. पण कळण्याची भाकरी, तिच्यासोबत ठेचा, शेवभाजी, तोंडी लावायला लोणचे आणि उडदाचा पापड, असे ताट समोर आले की ही मर्यादा एका जेवणातच संपत येते. पापडाच्या बाबतीत तर हिशेब दुहेरी आहे, कारण पिठात मीठ पडते आणि पापडखारही पडतो, आणि हा खार म्हणजे सोडियमचाच क्षार असतो. त्यामुळे रक्तदाब असलेल्याने “मी वरून मीठ घेत नाही” एवढ्यावर समाधान मानू नये. अर्थात मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना शेतात घाम गाळणाऱ्याच्या शरीरातून सोडियम निघून जाते. त्याला नुसते पाणी पुरत नाही. क्षारसंजीवनीत, म्हणजे ओआरएसमध्ये, मीठ, साखर आणि पोटॅशियम ही तिन्ही असतात, ती उगीच नव्हे.

पोटॅशियमचेही तसेच आहे. निरोगी मूत्रपिंड जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. ते निकामी होऊ लागले की पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा रुग्णाला डॉक्टर केळी बंद करायला सांगतात, तेव्हा घरच्यांना ते पटत नाही. शिवाय बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते, हे पाकिटावर वाचल्याशिवाय कळत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते मीठ स्वतःच्या मनाने सुरू करणे मला धोक्याचे वाटते.

राहिला रक्ताचा प्रश्न. बाजरी, मटकी, पालेभाज्या यांत लोह आहे, पण जेवणावर लगेच चहा घेतला, तर त्यातले बरेचसे शोषले जात नाही. भाजीवर लिंबू पिळले, तर अधिक शोषले जाते. मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी, विशेषतः नंदुरबारकडे, रक्त कमी असण्यामागे सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजारही असू शकतो. तिथे वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते, म्हणून लोहाच्या गोळ्या रक्ततपासणीनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.