सर्वांत ताकदवान बाई का हरते?

सायकल शर्यत म्हटलं की आपल्याकडे अजूनही मुंबई–पुणे आठवते, आणि तिच्यातला ‘घाटाचा राजा’. बोरघाट सगळ्यांच्या आधी चढून जाणाऱ्याला तो मान मिळतो. पण घाटाचा राजा आणि शर्यतीचा विजेता हे एकच असतील असं काही नाही, हे त्या रस्त्याच्या कडेला उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. घाट संपतो, खंडाळ्यानंतर रस्ता पुण्याकडे पसरत जातो आणि मागची मंडळी येऊन गाठतात. आज मी बोलणार आहे ते स्त्रियांच्या व्यावसायिक रोड सायकलिंगच्या २०२४ च्या हंगामाबद्दल. पण डोक्यात प्रश्न हाच ठेवा. ज्या बाईच्या पायात सगळ्यांत जास्त ताकद आहे, ती इतक्या वेळा हरते कशी?

उत्तर हवेत आहे. म्हणजे अक्षरशः हवेत. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. टेम्पोच्या मागे सायकल घातलेली असेल कुणी, (घालू नका, पण घातलेली असते) त्याला कळेल की पुढच्याच्या आडोशाला किती आराम असतो. शर्यतीत पुढच्या रायडरच्या चाकाला चाक लावून बसलं, तर तीसेक टक्के कष्ट वाचू शकतात. म्हणून जी पुढे असते ती पैसे खर्च करत असते आणि जी मागे असते ती साठवत असते. चढावर वेग पंधरा-सोळावर येतो, तिथे आडोशाची किंमत जवळजवळ उरत नाही. तिथे मात्र पाय आणि फुप्फुसं बोलतात. हा खेळ या दोन हिशेबांच्या मधोमध चालतो. निकालात नाव एकीचं लागतं, पण ती कुणाच्या मागे बसली, कुणाला मागे बसू दिलं आणि कुणी आपल्यासाठी हवा कापली, यावर ते ठरतं.

युरोपातला खरा हंगाम फेब्रुवारीअखेर बेल्जियममध्ये सुरू होतो. ३१ मार्चला झालेली टूर ऑफ फ्लँडर्स घ्या. अखेरीस तिघी पुढे उरल्या: इटलीची एलिसा लोंगो बोर्गिनी, पोलंडची काशा न्येव्यादोमा आणि नेदरलँड्सची शिरिन फान आनरॉय. आता या तिघींत लोंगो बोर्गिनी आणि फान आनरॉय एकाच संघाच्या, लिडल–ट्रेकच्या. म्हणजे न्येव्यादोमा एकीकडे आणि उरलेल्या दोघी दुसरीकडे. तिने जोर लावला तर एक जण तिच्या चाकावर बसणार आणि दुसरी त्याचा फायदा घेणार. शेवटच्या धावेत लोंगो बोर्गिनी जिंकली, न्येव्यादोमा दुसरी, फान आनरॉय तिसरी. तिसरी आलेली मुलगी त्या विजयात किती होती, हे निकालाच्या कागदावर दिसत नाही.

दोन आठवड्यांनी अॅमस्टेल गोल्ड रेस. लोरेना वीबेस ही जगातली सर्वांत वेगवान स्प्रिंटर, यावर फारसं दुमत नाही. ती शेवटच्या धावेत पुढे होती, जिंकलीच होती. तिने हात वर केले. तेवढ्यात बाजूने मारिआन व्होसने सायकल पुढे ढकलली आणि तिचं चाक आधी रेषेवर पोचलं. व्होस तेव्हा ३६ वर्षांची होती. ताकद वीबेसकडे होती, पण शर्यत रेषेपर्यंत असते हे व्होसला जास्त मुरलेलं होतं. इथे मी वीबेसला हसत नाही. इतकी वर्षं जिंकलेल्या माणसालाच हात लवकर वर करायची सवय लागते.

आणि त्याच एप्रिलमध्ये लिएज–बास्तोन्य–लिएज. ऑस्ट्रेलियाची ग्रेस ब्राउन तिथे आधी दोनदा दुसरी आली होती. या वेळी तिने चढाई करणाऱ्या मोठ्या नावांची वाट पाहिली नाही, आधीच फुटून पुढे गेली. त्यांनी तिला उशिरा गाठलं, तेव्हा अर्थातच सगळ्यांना वाटलं की ही आता संपली. मग तिनेच शेवटची धाव जिंकली, लोंगो बोर्गिनी आणि डेमी व्होलरिंगला मागे टाकून.

व्होलरिंगचं नाव आलं, तर तिथे थांबू या. ही नेदरलँड्सची. पूर्वी फुलांच्या दुकानात काम करायची, व्यावसायिक सायकलिंगमध्ये तशी उशिरा आली. २०२३ ची महिलांची टूर द फ्रान्स तिने जिंकलेली. २०२४ मध्ये स्पेनची व्हुएल्टा, मग इत्सुलिया, मग बुर्गोस, मग टूर द स्विस अशा चार शर्यती तिने ओळीने जिंकल्या; या सगळ्या टप्प्याटप्प्यांनी अनेक दिवस चालतात आणि एकूण वेळ जिचा कमी ती जिंकते. जुलैत इटलीची जिरो झाली, तिथे ती नव्हती. ती शर्यत लोंगो बोर्गिनीने पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत आघाडी राखून २१ सेकंदांनी जिंकली. २००८ नंतर प्रथमच एका इटालियन बाईने. पण लांब चढावर व्होलरिंगच्या तोडीचं त्या वर्षी कुणी नव्हतं, असं माझं मत आहे, आणि पुढे जे सांगणार आहे ते ऐकूनही मी ते बदलणार नाही.

त्याआधी पॅरिस ऑलिम्पिक, ४ ऑगस्ट. ऑलिम्पिकची रोड रेस वेगळी असते. एका देशाच्या जास्तीत जास्त चार रायडर आणि कानात रेडिओ नाही. गाडीतला प्रशिक्षक ‘आता जा’ म्हणून सांगू शकत नाही. शेवटी पुढे व्होस आणि हंगेरीची ब्लांका वाश होत्या. मागून बेल्जियमची लोटे कोपेकी आणि अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर आल्या. आता व्होस आणि कोपेकी दोघींनाही माहीत आहे की फिनिशला धोका एकमेकींचाच. चौघी एकत्र आल्या, सगळ्यांनी क्षणभर श्वास घेतला आणि त्याच क्षणी फॉकनर निघाली. रेषा तीनेक किलोमीटर दूर होती. पाठलाग करायचा म्हणजे एकीने हवा कापायची आणि दुसरीला फुकट न्यायचं. ते कुणी करायचं? फॉकनर ५८ सेकंदांनी जिंकली. तीन किलोमीटरमध्ये ५८ सेकंद! इतका फरक पायांतून येत नाही, तो मागच्यांच्या एकमेकींवरच्या संशयातून येतो.

फॉकनर ही अलास्काच्या होमर गावची, हार्वर्डमध्ये रोइंग करणारी, नंतर गुंतवणूक कंपनीत नोकरी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २०१७ साली ती रोड सायकल शिकली. या शर्यतीत तिची जागाही नव्हती, टेलर निब या ट्रायथलॉनपटूने आपली जागा सोडली म्हणून तिला मिळाली. अमेरिकेला या शर्यतीत त्याआधीचं सुवर्ण १९८४ साली मिळालं होतं.

आठवडाभरानंतर टूर द फ्रान्स फॅम, म्हणजे महिलांची टूर. आठ टप्पे, सुरुवात रॉटरडॅमला, शेवट आल्प द’ह्युएझवर. तिसऱ्या टप्प्याला, ६.३ किलोमीटरच्या टाइम ट्रायलनंतर (यात एकेकीने एकटीनेच घड्याळाशी शर्यत लावायची असते), एकूण वेळेत आघाडीवर असणारीची पिवळी जर्सी व्होलरिंगकडे आली. सगळं ठरल्याप्रमाणे. आणि मग पाचवा टप्पा, बास्तोन्यहून आम्नेव्हिलला. फिनिशला सहाएक किलोमीटर उरले असताना मोठी पडझड झाली आणि तीत व्होलरिंग होती. ती उठली, सायकलवर बसली, पण त्या दिवशी सुमारे पावणेदोन मिनिटं गेली. पिवळी जर्सी न्येव्यादोमाकडे गेली. गंमत म्हणा की क्रूरपणा, तो टप्पा जिंकला कुणी? ब्लांका वाशने, म्हणजे व्होलरिंगच्याच एसडी वर्क्स संघातल्या सहकारीने.

तिच्या संघातल्या पुढच्या मुलींनी थांबायला हवं होतं का, यावर मग खूप चर्चा झाली. व्होलरिंग वर्षअखेर हा संघ सोडणार हे वसंतातच उघड झालं होतं, त्यामुळे लोकांनी त्यात बरंच काही वाचलं. मी वाचत नाही. ताशी पन्नासच्या वेगाने फिनिशकडे सुटलेल्या घोळक्यात मागे कोण पडलं हे कळायलाही वेळ लागतो. पण एवढं खरं की एकटीने हवा कापत सहा किलोमीटर जाणं आणि तीन मुलींच्या आडोशाने जाणं यात किती सेकंदांचा फरक पडतो, ते शेवटी कळलं. शेवटी चारच सेकंद हवे होते.

१८ ऑगस्टच्या आठव्या टप्प्याला निघताना व्होलरिंग न्येव्यादोमाच्या १ मिनिट १५ सेकंद मागे होती. आधी ग्लाँदोंचा सुमारे वीस किलोमीटरचा घाट, मग उतार, मग खोऱ्यातला सपाट रस्ता, आणि शेवटी २१ नागमोडी वळणांचा, जवळपास १४ किलोमीटरचा आल्प द’ह्युएझ. व्होलरिंगने ग्लाँदोंवरच हल्ला केला. तिच्यासोबत एकटीच टिकली, तिच्याच देशाची पाउलिना रोयाकर्स, पण दुसऱ्या संघाची. घाटावर हे चाललं. खाली खोऱ्यात उतरल्यावर हवेचा हिशेब सुरू झाला. रोयाकर्स मागे बसून राहिली, ओढायला येईना. का यावं तिने? ती स्वतः वरच्या क्रमांकासाठी लढत होती, व्होलरिंगला टूर जिंकून देणं हे तिचं काम नव्हतं. मागे न्येव्यादोमाच्या गटात मात्र आपापल्या जागेची काळजी असलेल्या इतर संघांच्या रायडर होत्या. त्या स्वतःसाठी ओढत होत्या आणि पिवळी जर्सी त्यांच्या आडोशाने येत होती. टीव्हीवर हा भाग सगळ्यांत कंटाळवाणा दिसतो. टूर मात्र तिथेच ठरली, असं मला वाटतं.

शेवटच्या चढावर व्होलरिंगने सगळं दिलं आणि टप्पा जिंकला. पहिल्या क्रमांकाला १० सेकंदांचा बोनस असतो, तो मिळाला. मग सगळे घड्याळाकडे बघत बसले. न्येव्यादोमा चौथी आली, ६१ सेकंदांनी. करा हिशेब: ७५ मधून ६१ गेले, १४ उरले. त्यातून बोनसचे १० गेले. उरले चार, आणि तेवढ्यानेच न्येव्यादोमा टूर जिंकली. आठ दिवस सायकल चालवून चार सेकंद. पुरुषांच्या टूरमध्येही इतका कमी फरक कधी नव्हता. १९८९ चा ग्रेग लेमाँचा ८ सेकंदांचा विक्रम लोक अजून सांगत असतात. रोयाकर्स १० सेकंदांनी तिसरी आली.

आता पैशांचं, थोडक्यात. त्या चार सेकंदांच्या विजयाचं बक्षीस होतं ५०,००० युरो. पुरुषांच्या टूरच्या विजेत्याला ५,००,००० मिळतात. तरीही मी म्हणेन की बक्षिसापेक्षा पगार महत्त्वाचा. वरच्या पातळीच्या महिला संघांना किमान वेतन द्यावं लागतं हा नियमच २०२० साली आला, १५,००० युरोंपासून सुरुवात झाली. घोळक्यातली विसावी-तिसावी मुलगी नोकरी न करता दिवसभर सराव करू लागली, तेव्हाच पहिलीला हरवणं शक्य झालं. २०२३ मध्ये एसडी वर्क्स जवळपास सगळं जिंकत होता. २०२४ मध्ये त्यांनी खूप जिंकलं, पण सगळं नाही.

सप्टेंबरच्या झुरिक जागतिक स्पर्धेबद्दल बोलायचं तर आधी एक गोष्ट सांगायला हवी. २६ तारखेला पावसात ज्युनियर मुलींची शर्यत झाली. तीत स्वित्झर्लंडची म्युरिएल फुरर पडली. ती १८ वर्षांची होती. ती पडल्याचं बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. जागतिक स्पर्धेतही रेडिओ नसतो. मघाशी मी ऑलिम्पिकच्या रेडिओविना शर्यतीचं कौतुक केलं. डावपेच खुलतात हे खरंच आहे. पण प्रशिक्षकाच्या सूचना बंद ठेवायच्या असतील तर ठेवा, रायडर कुठे आहे हे आयोजकांना कळण्यात शर्यतीची कसली मजा जाते? पुढच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, स्वित्झर्लंडमधल्या रोमँडीच्या महिला शर्यतीत जीपीएस ट्रॅकरची चाचणी ठेवली, तर तो कुणी लावायचा यावर आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ आणि काही संघांचा वाद झाला आणि पाच संघ शर्यतीबाहेर गेले. त्याच वर्षी रवांडातल्या किगालीच्या जागतिक स्पर्धेत मात्र ट्रॅकर लावले गेले.

झुरिकची मोठ्या बायकांची शर्यतही पावसातच झाली. व्होलरिंग चढावर पुन्हापुन्हा निघत होती, प्रत्येक वेळी मागच्या तिला गाठत होत्या. कोपेकी मध्येच मागे पडली, परत आली, आणि शेवटच्या धावेत सलग दुसऱ्यांदा विश्वविजेती झाली. व्होलरिंग पाचवी. ग्रेस ब्राउनने टाइम ट्रायलचं ऑलिम्पिक सुवर्ण आधीच जिंकलं होतं, इथे विश्वविजेतेपदही घेतलं आणि हंगाम संपताच निवृत्त झाली. टाइम ट्रायलमध्ये कुणाच्या मागे बसता येत नाही, तेव्हा तिथे ताकदवान बाईच जिंकते, हेही नोंदवून ठेवा.

आणि माझ्या सगळ्या मांडणीला छेद देणारी गोष्टही सांगतो. २०२५ ची टूर. पोलीन फेराँ-प्रेव्हो बरीच वर्षं माउंटन बाइकवर होती, पॅरिसला तिथलं सुवर्ण जिंकून ती रस्त्यावर परतली. तिने मादलेनच्या घाटावर सगळ्यांना मागे टाकलं, शेवटच्या दिवशी शातेल गावच्या टप्प्यातही तेच केलं, आणि साडेतीन मिनिटांहून जास्त फरकाने टूर जिंकली. दुसरी आली व्होलरिंग, आता नव्या संघातून.