अंगचं मॉर्फिन

नमस्कार, श्रोतेहो.

दारात बोट चेमटलं की आधी एक लखलखीत कळ येते, ठणका मागाहून सुरू होतो. त्या ठणक्याची वर्दी मज्जारज्जूत पोचवताना नसांची टोकं ‘सबस्टन्स पी’ नावाचं रसायन सोडतात. अकरा अमिनो आम्लांची ही साखळी १९३१ साली सापडली. चेतापेशी बनवतात त्या अशा छोट्या साखळ्या म्हणजे न्यूरोपेप्टाइड. मला आज सांगायचंय ते मात्र वर्दी अडवणाऱ्या साखळ्यांविषयी.

मॉर्फिन हे अफूतून मिळणारं जालीम वेदनाशामक. ते मेंदूत नेमकं कुठे जाऊन बसतं, त्या जागा १९७३ मध्ये दिसल्या आणि मोठं कोडं पडलं. अफूच्या बोंडातल्या चिकासाठी मेंदूनं जागा कशाला राखून ठेवाव्यात? मेंदू स्वतःच तसलं काही बनवत असेल, या अंदाजानं स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूंचा अर्क काढला. तो पारखण्याची त्यांची एक रीत होती. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा द्रावणात टांगायचा, विजेचे हलके झटके द्यायचे. दर झटक्याला तो आकसतो. अर्क पडला की आकसणं मंदावायचं, अगदी मॉर्फिननं मंदावतं तसं. मॉर्फिनवरचा उतारा, नॅलोक्सोन, घातला की तुकडा पुन्हा उसळू लागायचा. किती साधी, किती सुंदर परीक्षा! १९७५ मध्ये त्यांनी तो रेणू ओळखला: एन्केफॅलिन, अवघ्या पाच अमिनो आम्लांचा. एन्डॉर्फिन आणि डायनॉर्फिन ही त्याचीच भावंडं.

मेंदूच्या गाभ्यातून मज्जारज्जूकडे उतरणारी एक वाट आहे. ती जागी झाली की मज्जारज्जूत एन्केफॅलिन पाझरतं, नसांच्या टोकांतून सबस्टन्स पी सुटणं कमी होतं आणि दुखण्याची वर्दी वर जाण्याआधीच क्षीण होते.

“काही नाही, मनाचे खेळ आहेत,” हे वाक्य दुखणाईताला फार ऐकावं लागतं. मला ते क्रूर वाटतं. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून त्यांना टोचलं, पण त्यात औषध नव्हतंच. तरीही काहींचा ठणका उतरला. मग त्यांना न सांगता नॅलोक्सोन दिलं, आणि उतरलेला ठणका पुन्हा चढला. नॅलोक्सोन ज्याला अडवतं असं काहीतरी त्यांच्या अंगात, बाहेरून न देता, तयार झालेलं होतं.