मधमाशी चावते तेव्हा कातडीखाली काय घडतं?

श्रोतेहो, नमस्कार. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीकडच्या कडेकपारीत आग्या मोहोळं, उसाच्या बांधावर गांधीलमाश्या. एकदाही माशी चावली नाही असा माणूस आपल्याकडे शोधावाच लागेल. चावलं की आधी बारीक टिपका दिसतो, भोवती लाल कडं पसरतं, मधली कातडी फुगून गांध उठते आणि खाज सुटते. यातलं बरंचसं माशीच्या विषापेक्षा आपलंच शरीर घडवून आणतं. आज बोलायचंय ते हे करणाऱ्या मास्ट पेशींबद्दल.

या पेशी अस्थिमज्जेत जन्मतात, पण पुरत्या वाढतात त्या कातडीत, श्वासनलिकेत, आतड्यात. बाहेरचं जग जिथे शरीराला टेकतं तिथे, रक्तवाहिन्यांना आणि नसांना खेटून त्या बसलेल्या असतात. 1878 साली जर्मन संशोधक पॉल एर्लिश यांनी विद्यार्थिदशेतच आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. ठरावीक रंग दिला की ही पेशी दाण्यांनी ठासून भरलेली दिसते. त्या दाण्यांत हिस्टामिन, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन आणि प्रथिनं तोडणारी विकरं तयारच असतात. म्हणून इतर पांढऱ्या पेशी जमायला तास लागत असताना यांचं काम मिनिटाच्या आत सुरू होतं.

हिस्टामिन सुटलं की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली येते. त्यांच्या भिंती झिरपू लागतात, म्हणून सूज येते. सुजेला आपण उगाच नावं ठेवतो. त्या झिरपण्यातूनच लढणारी प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी जागेवर पोचतात. 1996 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की मास्ट पेशी नसलेले उंदीर पोटातल्या जंतुसंसर्गाने जास्त दगावतात. 2006 मध्ये त्याहून नवलाची गोष्ट कळली: या पेशींतली विकरं काही सापांच्या विषातले घटक तोडून टाकतात, आणि मधमाशीच्या विषापुढेही मास्ट पेशी असलेले उंदीर जास्त तग धरतात. माणसाला साप चावला तर मात्र प्रतिविषाशिवाय दुसरा इलाज नाही, हे इथेच स्पष्ट सांगतो.

मग याच पेशी जिवावर का उठतात? काही माणसांच्या शरीरात पहिल्या दंशानंतर त्या विषाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. त्या माणसाला काही त्रास नसतो, त्याला पत्ताही नसतो. पुढच्या वेळी विष त्या प्रतिपिंडांना चिकटलं, की एका जागची नव्हे, अंगभरच्या मास्ट पेशी एकदम रिकाम्या होऊ शकतात. सगळीकडे गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वास कोंडतो, उलटी होते, रक्तदाब कोसळून चक्कर येते. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

अशा वेळी अंगावर पित्त उठलं म्हणून कोकम लावत बसू नका. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, पण ती सावकाश चढते, आणि कोसळलेला रक्तदाब तिने सावरत नाही. जीव वाचवतं ते ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, लवकरात लवकर. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि मास्ट पेशींनाही आवरतं. म्हणून ताबडतोब 108 ला फोन करा.

आणखी एक कळकळीची विनंती. शेतातून माणसाला दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून नेताना मी पाहतो. रक्तदाब कोसळलेल्या माणसाला असं ताठ बसवणं, उभं करणं, चालवणं जिवावर बेतू शकतं. त्याला आडवं करा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तरच टेकून बसवा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी लगेच घरी जायची घाई करू नका. काही जणांना काही तासांनी, माशी पुन्हा न चावताही, तोच त्रास उलटतो. तेवढा वेळ डॉक्टरांच्या नजरेखालीच थांबा.