एकच आडनाव, चार ब्राऊन

पडद्यावर दिसतेय ती काचेची नळी १८९७ सालची. फर्डिनांड ब्राऊन यांनी ती श्ट्रासबुर्गमध्ये असताना तयार करवून घेतली. तेव्हा ते शहर जर्मनीत होतं. आत इलेक्ट्रॉनचा झोत, तो चुंबकाने वळवायचा आणि समोरच्या लेपावर चमकता ठिपका हलताना बघायचा. विजेचा प्रवाह कसा वरखाली होतो हे डोळ्यांना दिसावं, एवढाच हेतू. टीव्हीची पिक्चर ट्यूब पुढे यातूनच आली. जपानी लोक तर तिला ‘ब्राऊन-कान’, ब्राऊनची नळी, असंच म्हणत आले.

१९०९ चं नोबेल त्यांना मार्कोनींबरोबर मिळालं, पण बिनतारी संदेशवहनासाठी. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी ते एका खटल्यासाठी न्यूयॉर्कला गेले, आणि अडकले. १९१८ मध्ये ब्रुकलिनमध्येच वारले.

ब्राऊन म्हणजे तपकिरी. केसांवरून, कांतीवरून पडलेलं आडनाव. आपल्याकडे काळे, गोरे असतात तसं. त्यामुळे ब्राऊन गावोगाव सापडतात, नातं असो वा नसो. १९१२ साली जन्मलेले हे दोघे बघा. एवा ब्राऊन म्युनिकमध्ये एका छायाचित्रकाराकडे नोकरीला होती, तिथेच तिची हिटलरशी ओळख झाली. १९४५ च्या एप्रिलअखेर लग्न, आणि दुसऱ्याच दिवशी दोघांची आत्महत्या.

दुसरे व्हेर्नर फॉन ब्राऊन. हा ‘फॉन’ सरदारी घराण्याचा. हिटलरसाठी त्यांनी व्ही-२ क्षेपणास्त्र घडवलं. ते जिथे तयार व्हायचं त्या भूमिगत कारखान्यात डोरा छळछावणीतले कैदी राबत होते. त्या छावणीत सुमारे २० हजार माणसं मेली. फॉन ब्राऊन स्वतः एसएसचे, म्हणजे नाझींच्या निमलष्करी संघटनेचे, अधिकारी होते आणि त्या कारखान्यात त्यांचं जाणं-येणं होतं. चांद्रमोहिमेच्या कौतुकात हा भाग घाईने उरकला जातो. तो उरकू नये.

युद्धानंतर अमेरिकेने त्यांना आपलंसं केलं. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या सॅटर्न-५ रॉकेटने १६ जुलै १९६९ ला अपोलो-११ उडालं. आर्मस्ट्राँगचं पाऊल जगभर कोट्यवधी लोकांनी टीव्हीवर पाहिलं. रॉकेट एका ब्राऊनचं, नळी दुसऱ्याची! मुंबईकरांना मात्र ते दृश्य घरबसल्या दिसलं नाही. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला.

आणि दाढीच्या मशीनवर लिहिलेला ब्राऊन? तो चौथाच. फ्रँकफर्टमध्ये १९२१ साली कारखाना काढणारे इंजिनिअर, माक्स ब्राऊन.