आशा गाणारा आवाज: किलस्विच एंगेजचा दुसरा अल्बम

नमस्कार, श्रोतेहो. मेटलकोर, म्हणजे हेवी मेटल आणि हार्डकोर पंक (पंक रॉकचा अधिक वेगवान, आक्रमक प्रकार) यांच्या मिश्रणातून आलेली शैली, हा केवळ आरडाओरडा आहे, असे समजून पुष्कळ रसिक त्याच्या वाटेला जात नाहीत. त्यांनी एकदा तरी शांतपणे ऐकावा असा एक अल्बम आहे: ‘किलस्विच एंगेज’ या अमेरिकन बँडचा ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’.

‘ओव्हरकास्ट’ आणि ‘आफ्टरशॉक’ हे दोन बँड मोडल्यावर त्यांच्यातल्या काही वादकांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्टफील्ड इथे हा बँड उभा केला. पहिला अल्बम २००० साली आला. मे २००२ मध्ये आलेल्या या दुसऱ्या अल्बमवर अ‍ॅडम डुटक्येविच यांनी ड्रम्स वाजवलेच, शिवाय गिटारचे काम आणि निर्मितीही सांभाळली. मिक्सिंग, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजांचा समतोल साधण्याचे काम, मात्र इंग्लंडच्या अँडी स्नीप यांचे आहे. हार्डकोर पंकचा आवेश आणि स्वीडिश मेटलच्या सुरेल गिटारी यांचा इतका एकजीव मेळ त्याआधी क्वचितच साधला गेला होता.

पण हा अल्बम मनात घर करतो तो गायक जेसी लीच यांच्यामुळे. चौथे गाणे, ‘माय लास्ट सेरेनेड’, लक्ष देऊन ऐका. कडव्यांमध्ये लीच घसा खरवडून ओरडतात, आणि ध्रुवपद येताच तोच गळा स्वच्छ, लांब सुरांत मोकळा होतो. हा बदल निव्वळ चमत्कृतीसाठी केलेला नाही. दुःखातून शांतीकडे जाण्याची जी धडपड शब्दांत आहे, तीच आवाजात घडताना ऐकू येते, आणि सूर लागला तरी आधीच्या किंकाळीचा ओरखडा त्यावर राहतोच. पुढे ब्रेकडाऊनमध्ये, म्हणजे गाण्याच्या संथ, ठोक्यांवर भर देणाऱ्या भागात, लय जड होते, तेव्हा गिटार आणि ड्रम्स एकाच आघातावर येऊन कोसळतात, आणि आपणही नकळत श्वास रोखून धरतो.

या शैलीत राग आणि सूड यांना तोटा नव्हता. लीच यांनी मात्र आत्मपरीक्षण, श्रद्धा, प्रेम आणि माणसांची एकजूट यांविषयी लिहिले. ‘द एलिमेंट ऑफ वन’मधला हळुवारपणा किंवा ‘राइज इनसाइड’ या शेवटच्या गाण्यातले सामूहिक स्वर ऐकताना हा माणूस मनापासून बोलतो आहे, याविषयी शंका उरत नाही. म्हणूनच पुढची हकीकत चटका लावते. अल्बम बाहेर पडला त्याच सुमारास लीच नैराश्याने ग्रासले होते, आणि दौऱ्यांत गळाही साथ देईनासा झाला होता. अखेर त्यांनी एका ई-मेलने बँड सोडला. इतरांना धीर देणारी ही गाणी लिहिणाऱ्याला तेव्हा स्वतःलाच धीराची गरज होती, हे कळल्यावर अल्बमच्या नावातले ‘जिवंत, की केवळ श्वास घेणारा’ हे द्वंद्व वेगळेच ऐकू येऊ लागते.

त्यांच्या जागी हॉवर्ड जोन्स आले आणि त्यांनी आपल्या भारदस्त आवाजाने बँडला मोठे यश मिळवून दिले. जोन्स गेल्यावर २०१२ मध्ये लीच परतले. नैराश्य आणि चिंता यांविषयी त्यांनी पुढे उघडपणे बोलायला सुरुवात केली. २०१९ मध्ये ‘द सिग्नल फायर’ या गाण्यात तर हे दोन्ही गायक एकत्र गायले आहेत. दुसरा अल्बम ऐकून झाला, की लगेच ते गाणेही जरूर ऐका.