सेंट्रोमियर नक्की ठरवतं कोण?

मागच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न इतक्यांदा आलाय की शेवटी आज कॅमेरा लावलाच.

बेसिक भराभर उरकतो. पेशी विभागताना गुणसूत्राला ज्या जागी धागे येऊन जोडले जातात, तो सेंट्रोमियर. भातात तिथे डीएनएच्या १५५ अक्षरांचा 'सेंटओ' हा तुकडा एकामागोमाग एक लागलेला असतो, मक्यात १५६ अक्षरांचा 'सेंटसी'. मधेमधे रेट्रोट्रान्सपोझॉन, म्हणजे स्वतःची नक्कल करून दुसरीकडे जाऊन बसणारे डीएनएचे तुकडे, घुसलेले. झालं, पुढे.

आता प्रश्न: "म्हणजे हे रिपीट (पुन्हापुन्हा येणारे तुकडे) असले की सेंट्रोमियर झालाच ना?" नाही हो, नाही! तिथे बसणारं सेनएच३ नावाचं हिस्टोन प्रथिन ते ठरवतं (हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती प्रथिनं). ते जिथे बसलंय, सेंट्रोमियर तिथे.

पटत नाही? भाताचं आठवं गुणसूत्र घ्या. २००४ मध्ये त्याचा सेंट्रोमियर वाचला गेला. सेंटओ जेमतेम ६५ हजार अक्षरांच्या आसपास, पण सेनएच३चा पसारा साधारण साडेसात लाखांवर. आणि त्या पसाऱ्यात चालू जीन्ससुद्धा निघाले!

उलट बाजूनं बघा. मक्यात दोन सेंट्रोमियर असलेली गुणसूत्रं सापडली. दोन्हीकडे सेंटसी आहे, पण एकाकडे सेनएच३ नाही, आणि तो निपचित पडलेला. रिपीट आहेत, काम शून्य.

अजूनही शंका? मग बार्ली. गव्हात घातलेल्या बार्लीच्या एका गुणसूत्राचे असे तुकडे मिळाले, ज्यांच्यात बार्लीचे नेहमीचे सेंट्रोमियर रिपीट उरलेच नव्हते. तरी पेशी विभागताना ते व्यवस्थित पुढे जात होते. आता बोला!

आणि "हा सगळा कचरा डीएनए" असं ठसक्यात लिहिणाऱ्यांनो, जरा दमानं. रिपीट एकट्यानं सेंट्रोमियर ठरवत नाहीत, एवढंच मी म्हणालो. ते निरुपयोगी आहेत असं कधी म्हणालो? बहुतेक गुणसूत्रांत सेनएच३ बसतं ते त्यांच्याच आसपास.

एकानं विचारलंय, सेंट्रोमियरच्या भागाचं वाचन इतकी वर्षं अर्धवट का राहिलं. अहो, शॉर्ट रीड, म्हणजे यंत्र एका दमात वाचतं तो छोटा तुकडा, दीडशे अक्षरांचा आणि रिपीट १५५चा! एकसारख्या निळ्या आभाळाचं जिगसॉ जुळवत बसा. एका दमात खूप लांब तुकडा वाचणारे लाँग रीड आले तेव्हा कुठे मक्याचे सेंट्रोमियर सलग वाचता आले.

गव्हाचं विचारणाऱ्यांनो, तिथे मुख्य भरणा रेट्रोट्रान्सपोझॉनचाच, सीआरडब्ल्यू आणि क्विंटा नावाच्या. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.